बांधकामाचे नियम शिथिल केले की आपत्तीत खरंच जास्त माणसं मरतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: "सरकार नियम शिथिल करतं म्हणून भूकंप-पुरात जास्त माणसं मरतात, असं म्हणतात. हे खरं आहे, की नुसता विरोधकांचा कांगावा? आमच्या भागात गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटवरची, घरं नियमित होतायत, म्हणून विचारतोय."

हे खरं आहे. मी इमारतींच्या आरसीसी डिझाइनचं काम करतो, त्यामुळे भूकंपापुरतंच बोलतो.

तुर्कस्तानचं उदाहरण घ्या. 1999 मध्ये इझ्मितच्या भूकंपात तिथे सतरा हजारांवर माणसं गेली. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले, तपासणीचा वेगळा कायदाही आला. मग जून 2018 ची निवडणूक तोंडावर आली आणि सरकारने बेकायदा बांधकामांना माफी जाहीर केली. 2017 संपेपर्यंत उभ्या राहिलेल्या इमारतीची माहिती मालकाने स्वतःच भरायची, घर असेल तर किमतीच्या तीन टक्के शुल्क भरायचं, की नोंदणीचा दाखला हातात. इंजिनिअरने येऊन कॉलम बघण्याची अट नाही. उलट कायद्यात स्वच्छ लिहिलं होतं की इमारत भूकंपात टिकेल की नाही, ही जबाबदारी मालकाची. इंजिनिअर आणि नगररचनाकारांच्या संघटनांनी तेव्हाच विरोध केला होता. 2019 च्या स्थानिक निवडणुकीच्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी कहरामानमाराश शहरात याच माफीचं श्रेय घेतलं. 6 फेब्रुवारी 2023 ला पहाटे 7.8 चा भूकंप झाला, दुपारी 7.5 चा. तुर्कस्तानात त्रेपन्न हजारांहून जास्त माणसं मेली आणि कहरामानमाराश हे सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेल्या शहरांपैकी एक होतं.

दाखल्याने नेमकं काय बदलत नाही, ते सांगतो. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा बांधतात, त्यांची टोकं 135 अंशांत वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात घालायची असतात. आयएस 13920 या काँक्रीटच्या भूकंपरोधक बांधकामाच्या आपल्या भारतीय मानकातही हेच आहे. फिटरला ते जिकिरीचं वाटतं. 90 अंशांत वाकवून सोडून देणं सोपं. एरवी इमारत वर्षानुवर्षं उभी राहते, कुणाला काही कळत नाही. भूकंपात कॉलमचं कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, निखळतो, 90 ची रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात, काँक्रीटचा चुरा होतो आणि वरचा स्लॅब खालच्या स्लॅबवर येऊन बसतो. मधे माणूस राहील एवढी जागाच उरत नाही. तुर्कस्तानातल्या ढिगाऱ्यांच्या फोटोंत अशा उघडलेल्या रिंगा आणि जुन्या इमारतींतल्या गुळगुळीत, बिनपिळाच्या सळया स्पष्ट दिसतात. मला ते फोटो अजून शांतपणे बघता येत नाहीत. ते काम साइटवर कुणीतरी दहा मिनिटं उभं राहून तपासलं असतं, तर दुरुस्त झालं असतं.

सगळं खापर माफीवर फोडणंही बरोबर नाही. हादरा काही भागांत डिझाइनमध्ये धरतात त्याहून जास्त होता, आणि पडलेल्या पुष्कळ इमारती 1999 च्या आधीच्या होत्या. पण तिथल्याच अंताक्या शहरात 2013 साली पूर्ण झालेली, आलिशान म्हणून विकलेली बारा मजली इमारतही आडवी झाली. तुर्कस्तानात तपासणी खाजगी कंपन्यांकडे दिली होती आणि 2019 पर्यंत ती कंपनी निवडण्यात बिल्डरचाच हात असे. पैसे देणाऱ्याचं काम कोण अडवणार? नियम शिथिल करण्याचा हाही एक प्रकार आहे: नियम पुस्तकात तसाच ठेवायचा आणि तपासणारा माणूस काढून घ्यायचा.

उलट चिलीकडे बघा. फेब्रुवारी 2010 मध्ये तिथे 8.8 चा भूकंप झाला, मृत्यू साधारण सव्वापाचशे, त्यातही बरेच त्सुनामीने. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी हैतीत 7.0 चा झाला होता. चिलीच्या भूकंपाची ऊर्जा त्याच्या सुमारे पाचशे पट, आणि तरी हैतीत वेगवेगळ्या अंदाजांनुसार एक ते तीन लाख माणसं गेली. चिलीत सांगाड्यात दोष निघाला तर दहा वर्षं इमारतीचा पहिला मालक, म्हणजे बहुधा बिल्डरच, जबाबदार असतो. हैतीत पाळला जाणारा बांधकाम कायदाच नव्हता.

आता गुंठेवारी. कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत झालेली गुंठेवारी नियमित करायची सोय केली. मी त्याच्या विरोधात नाही. शहरात परवडेल असं घर मिळेना म्हणून लोक तिथे गेले; त्यांना नळ, ड्रेनेज, रस्ता, बँकेचं कर्ज मिळायलाच हवं. पण मी पाहिलेल्या फायलींत चर्चा प्लॉटची, रस्त्याच्या रुंदीची, शुल्काची. रिंगांचा विषय कुठे निघत नाही. एका मजल्याच्या पायावर पुढे तीन मजले चढलेले असतात, तळमजल्यावर गाळ्यांसाठी भिंती काढलेल्या असतात. किल्लारी ज्या राज्यात घडलं, तिथे हे चालवून घेणं मला पटत नाही.

तुमचं घर दुमजलीपेक्षा उंच असेल किंवा खाली गाळे, पार्किंग असेल, तर प्रस्तावाच्या जोडीने स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, ज्याने बांधलं त्याचा माणूस नको. त्याला तळमजल्याच्या कॉलमची रिबाउंड हॅमर चाचणी (काँक्रीट किती टणक आहे ते बघणारी), कव्हर मीटर या काँक्रीटच्या आतल्या सळया शोधणाऱ्या उपकरणाने सळया-रिंगांची तपासणी आणि गरज वाटली तर कोअर, म्हणजे चाचणीसाठी काँक्रीटचा दंडगोल तुकडा, काढायला सांगा. कॉलम कमकुवत निघाले तर जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळया-काँक्रीटचं आवरण, करता येतं, घर पाडावं लागतंच असं नाही. आणि गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून पालिकेकडे लेखी मागणी करा की नियमितीकरणाच्या शुल्कातला काही वाटा याच तपासणीसाठी ठेवावा.