तेन्शिन नासुकावा कराटेमुळे चॅम्पियन झाला का? सहा वर्षांच्या मुलाला कराटेला घालू की थेट किकबॉक्सिंगला?

प्रश्न वाचला आणि हात आपोआप नाकाकडे गेला. माझं नाक जरासं डावीकडे वळलेलं आहे, १९९८ सालापासून. किकबॉक्सिंग गाजवलेला हा जपानी तेन्शिनही १९९८ चाच, ऑगस्टमध्ये चिबा प्रांतात जन्मलेला. त्याचं वय मला कधी शोधावं लागत नाही ते यामुळेच.

मी तेव्हा अकरावीत होतो, सांगलीला. कराटेला सहा वर्षं झाली होती, कमरेला ब्राउन बेल्ट होता. क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. फुल कॉन्टॅक्ट पद्धतीचा क्लास, म्हणजे छातीवर, पोटावर, मांडीवर खरंखुरं मारायचं. डोक्यावर लाथ चालते, तोंडावर ठोसा मात्र चालत नाही. क्योकुशिन या कराटेच्या शैलीचा नियमच तसा आहे. आमच्या सरांना याचा भारी अभिमान. "पॉइंटवाल्यांसारखं शिवाशिवी खेळत नाही आपण," असं ते दर रविवारी सांगायचे. आम्हीही एकमेकांच्या मांड्या काळ्यानिळ्या करून घरी जायचो आणि आईला दाखवायचो नाही.

त्या वर्षी गावात किकबॉक्सिंगची स्पर्धा लागली. मंडपाखाली गाद्या, चारी बाजूंनी दोर, कोपऱ्यात पाण्याची कळशी. सरांनी चौघांची नावं दिली. माझ्यासमोर आला तो एका गॅरेजमध्ये काम करणारा पोरगा, माझ्यापेक्षा चांगला चार बोटं बुटका, नखांत काळं ग्रीस. कुठूनतरी बॉक्सिंग शिकला होता. ग्लोव्हज आयोजकांचे, आधीच्या सहा-सात जणांच्या घामानं ओले झालेले. माझा उजवा ग्लोव्ह मनगटाशी सैल होता, तो सुतळीनं बांधला.

सुरुवात माझी झाली. तीन लो किक बसल्या, फाडफाड, लोक ओरडले. चौथीला पाय उचलला आणि तो आत आला. एक जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा. डोळ्यांत पाणी. दुसरा जॅब, आणि ते पाणी पुसावं म्हणून मी चक्क ग्लोव्ह डोळ्यांकडे नेला. तिसरा ठोसा उजव्या हाताचा होता, तो मी पाहिलाच नाही. माझे हात कुठे होते? छातीवर. सहा वर्षं ते छातीवरच राहायला शिकले होते, कारण सहा वर्षांत तोंडाकडे कुणाचा हात कधी आलाच नव्हता.

प्रेक्षकांत माझा आतेभाऊ होता. कोल्हापूरच्या तालमीतला, तांबड्या मातीतला, मला सहा वर्षांनी मोठा. "हात वर घे की लेका!" हे त्याचं ओरडणं अजून कानात आहे. रात्री नाकावर बर्फ धरून बसलो होतो तेव्हा शेजारी बसून म्हणाला, "सा वरसं फी भरलीस, आणि हात वर ठेवायचं शिकीवलं न्हाई व्हय?" सरांचं म्हणणं वेगळं. "नियम त्यांचे होते. आपल्या नियमांत तूच जिंकला असतास." खरं सांगतो, नाकापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. पुढच्या महिन्यात क्लास सोडला. आतेभावाचं मात्र सुटलं नाही. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, मला बघितलं की तो दोन्ही हात छातीशी धरून उभा राहतो.

आता तुमच्या तेन्शिनकडे येतो. बापानं त्याला पाचव्या वर्षी कराटेला घातलं. पाचवीत असताना तो ज्युनियरांच्या जागतिक स्पर्धेत पहिला आला. आपल्याकडे असं पोरगं असतं तर चौकात फ्लेक्स लागला असता आणि क्लासच्या फळ्यावर पुढची वीस वर्षं त्याचा फोटो राहिला असता. तिथे काय झालं, तर पोरगं त्यानंतर किकबॉक्सिंगकडे वळलं. हौशी म्हणून १०५ लढती खेळला, ९९ जिंकला, पाच हरला, एक बरोबरीत. लोक ९९ कडे बघतात. मी त्या १०५ कडे बघतो. पंधराव्या वर्षी व्यावसायिक रिंगणात उतरण्याआधी तोंडावर ठोसे कसे येतात हे त्याला शंभरदा कळून चुकलं होतं. मला ते पहिल्यांदा कळलं ते ब्राउन बेल्ट बांधल्यावर.

म्हणून कराटेवाले "बघा, आमचा पोरगा" म्हणत छाती पुढे काढतात तेव्हा मला राग येतो. २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी तो राइझ या जपानी किकबॉक्सिंग संघटनेचा बँटमवेट वजनगटातला चॅम्पियन झाला, तो काही काता, म्हणजे कराटेतल्या ठरीव हालचाली, करून नव्हे. हात त्याला बापानं आणि किकबॉक्सिंगनं दिले.

पण पाय कराटेचे. इथे माझा आतेभाऊ चुकतो. तेन्शिन डावखुऱ्या पवित्र्यात उभा राहतो, आणि त्याच्या जुन्या लढती आवाज बंद करून बघा. समोरचा टप्प्यात येतो न येतो तोच हा अर्धं पाऊल मागे असतो, आणि समोरच्याचं पाऊल जमिनीला टेकायच्या आत परत पुढे. जपानी लोक दोघांमधल्या या अंतराला माआइ म्हणतात. हे कराटेत लहानपणापासून अंगात भिनतं, नंतर शिकायला गेलं तर चिकटवल्यासारखं दिसतं. डिसेंबर २०१६ मध्ये त्यानं वांचालाँग या थाई बॉक्सरला पहिल्याच फेरीत गरकन फिरून मारलेल्या मागच्या लाथेनं आडवं केलं. ती लाथ शुद्ध कराटेची. गॅरेजमधल्या त्या पोराला ती बसली असती तर आज ही गोष्ट तो सांगत असता.