इस्तंबूलचे पैसे आधीच खर्च झालेत

पत्र थोडक्यात असं. नवरा ४१, बायको ३९, मूळचे साताऱ्याचे. पंधरा वर्षं न्यू जर्सीत, दोघेही अमेरिकन नागरिक, दोघांचा मिळून पगार वर्षाला २ लाख १० हजार डॉलर. ‘कारा’ या भारताच्या केंद्रीय दत्तक यंत्रणेमार्फत विदर्भातल्या एका संस्थेतली साडेतीन वर्षांची मुलगी त्यांना मिळाली आहे आणि आता तिला आणायला जायचंय. जाताना पाच दिवस इस्तंबूल-कॅपाडोकिया, येताना तिला घेऊन चार दिवस दुबई, खर्च साडेपाच हजार डॉलर. ‘नंतर काही वर्षं फिरणं होणार नाही. हे परवडेल का? आणि दत्तकाच्या टॅक्स क्रेडिटमध्ये प्रवासखर्च धरतात, तर हाही धरता येईल का?’

आधी मनापासून अभिनंदन. आता कामाचं.

नाही धरता येणार. क्रेडिटमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या करातून थेट वजा होणाऱ्या रकमेत, प्रवास, राहणं, जेवण बसतं, पण दत्तकासाठी झालेलं. न्यूअर्क ते नागपूर आणि व्हिसासाठी दिल्ली हा दत्तकाचा प्रवास झाला. कॅपाडोकियाचा बलून नाही. शिवाय गरज तरी कुठे आहे? होम स्टडी (घराची आणि कुटुंबाची पाहणी), एजन्सी, संस्थेला द्यायचे ५,००० डॉलर, इमिग्रेशनचे अर्ज, विमान मिळून २८ हजार डॉलर लागतील असं तुम्हीच लिहिलंय. २०२५ साठी क्रेडिटची कमाल मर्यादा १७,२८० डॉलर. भांडं आधीच भरून वाहतंय, त्यात इस्तंबूलच्या हॉटेलचं बिल कशाला ओतता?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पत्राच्या शेवटी ‘मुलीच्या भविष्याची सोय आम्ही भारतात करून ठेवली आहे’ असं म्हणून तुम्ही जे तीन परिच्छेद लिहिलेत, ते मी दोनदा वाचले.

पहिली सोय म्हणजे गावाकडच्या ओळखीच्या एजंटाने दिलेला चाइल्ड प्लॅन. वर्षाला ३ लाख, बारा वर्षं, पॉलिसीला अठरा वर्षं झाल्यावर ६६ लाख. त्याने दिलेल्या कागदाचा फोटो तुम्ही पाठवलाय. दोन रकाने आहेत, ४ टक्क्यांचा आणि ८ टक्क्यांचा. आठाखालचे ६६ लाख निळ्या पेनाने दोनदा गोल केलेत. चाराखालच्या ४४ लाखांना पेन लागलेलंसुद्धा नाही. ते ४ आणि ८ टक्के तुम्हाला मिळणारं व्याज नव्हे. कंपनीच्या गुंतवणुकीवर एवढं सुटलं तर काय होईल, याचा तो नमुना आहे, आणि दोन्हींपैकी एकाचीही हमी नसते. गोल केलेला आकडा खरा धरला तरी परतावा पाच टक्क्यांच्या आतच येतो. २०१० च्या सुमारास डॉलर ४५ रुपयांना होता, आता ८५ च्या पुढे आहे, म्हणजे रुपया वर्षाला चारेक टक्क्यांनी घसरला. पाचातून चार गेले, उरला एक. तुमची मुलगी कॉलेजची फी डॉलरमध्ये भरणार आहे!

दोन हप्ते गेलेत, तिसरा भरू नका. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आत्ता पॉलिसी मोडली तर किती मिळतील, ते लेखी मागवा. सहा लाखांतले दोन-तीनच परत आले तर चिडचिड होईल, पण उरलेले तीस लाख तरी वाचतील. तिचा सोशल सिक्युरिटी नंबर आला की तेच पैसे ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या अमेरिकेतल्या करसवलतीच्या खात्यात घाला.

याच एजंटाने ‘मुलीचा पासपोर्ट भारतीय आहे तोवर सुकन्या समृद्धी उघडून टाका’ असंही सुचवलंय. सुकन्या निवासी भारतीय मुलीसाठी असते. मुलगी अनिवासी झाली की खातं बंद करायचं असतं. इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत पाऊल टाकताच ती अमेरिकन नागरिक होणार. महिनाभरासाठी खातं उघडून ८.२ टक्के कोण देतंय? या माणसाचा फोन उचलणं बंद करा.

आता खरं दुखणं. २०१६ पासून तुमच्या एसआयपी चालू आहेत, आज ५८ लाख झालेत. केवायसीवर अजून साताऱ्याचा पत्ता आणि ‘निवासी’. बचत खात्यात सहा लाख, तेही निवासी. आणि तुमचं वाक्य: ‘अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं नाही, कारण पैसे भारतातच आहेत आणि विकलेलं काही नाही. सॉफ्टवेअर परदेशी खात्याचं विचारतं, तिथे आम्ही नाही म्हणतो.’

अहो, हे तुम्ही इतक्या सहज कसं लिहिलंत?

परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अर्ज, अमेरिकन सरकारकडे भरावा लागतो. तुमचे ७४ हजार आहेत. त्यातून भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या लेखी ‘पीफिक’, म्हणजे कडक कर लागणारी परदेशी गुंतवणूक कंपनी. विकल्यावर नफा धारणकाळातल्या वर्षांवर वाटतात, मागच्या वर्षांच्या वाट्यावर त्या-त्या वर्षीचा सर्वांत वरचा दर लावतात आणि वर व्याज घेतात. म्हणून घाबरून उद्याच सगळं विकूही नका. एसआयपी थांबवा, बँक खातं एनआरओ (अनिवासींचं रुपया खातं) करून घ्या, केवायसी बदला आणि पीफिक समजणारा सीपीए, म्हणजे अमेरिकेतला सीए गाठा. रिटर्नवर ‘नाही’ अशी खूण केली आहे, म्हणून सोबत टॅक्सचा वकीलही.

घाई का, तर तुमचं दत्तकच त्याला कारण आहे. हे क्रेडिट पूर्वी काही काळ, कर तेवढा नसला तरी, रोख परत मिळायचं, तेव्हा २०१२ च्या हंगामात ते मागणारे ६९ टक्के रिटर्न ऑडिटला काढले होते. करदात्यांची बाजू मांडणाऱ्या, अमेरिकेच्याच कर खात्यातल्या टॅक्सपेअर अ‍ॅडव्होकेटच्या अहवालातला आकडा आहे. २०२५ पासून त्यातले ५,००० डॉलरपर्यंत पुन्हा रोख मिळणार आहेत. यंदा तेवढे रिटर्न काढतीलच असं नाही, पण तुमचं निघालं तर? नकळत चुकलेल्यांसाठी ‘स्ट्रीमलाइन्ड’ नावाची वाट आहे: तीन वर्षांचे सुधारित रिटर्न, सहा वर्षांचे एफबार आणि न दाखवलेल्या मालमत्तेवर ५ टक्के दंड. तपासणी सुरू झाली की ती वाट बंद. आणि आजवर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येत होतं. हे उत्तर वाचल्यावर नाही.

हिशेब करू. बँकेत १९ हजार डॉलर. दत्तकाचे द्यायचे राहिलेत ९. उरले १०. दंड पावणेचार हजार, सीपीए आणि वकील मिळून माझ्या अंदाजाने तेवढेच, मागचा कर-व्याज वेगळं. अडीच हजार शिल्लक, आणि घरात लहान मूल येतंय.

दुबईचं मात्र पैसे असते तरी नाहीच म्हटलं असतं. जिचं सगळं जग म्हणजे एक खोली आणि दोन मावशी, ती आठवड्यापूर्वी भेटलेल्या माणसांबरोबर मॉल बघणार? त्यात नोकरीच्या आरोग्य विम्यात दत्तक मुलाचं नाव घालायला साधारण ३० दिवसच मिळतात. ते दत्तक झाल्यापासून किंवा मूल सुपूर्द झाल्यापासून मोजतात, न्यूअर्कला उतरल्यापासून नाही. दत्तकाच्या आदेशानंतर मुलीच्या पासपोर्ट आणि व्हिसातच दिवस जातात. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात पडेल त्याच दिवशी एचआरला ईमेल करा. ताईंनी सहलीसाठी राखलेली रजाही घरी आल्यावरच वापरावी. न्यू जर्सीची बारा आठवड्यांपर्यंतची फॅमिली लीव्ह दत्तकालाही मिळते, ८५ टक्के पगार, वर मर्यादा आहे.

दुबईचं बुकिंग रिफंडेबल आहे असं लिहिलंय, ते आज रात्रीच रद्द करा. इस्तंबूलचं सीपीएचा आकडा आल्यावर बघू. विमान तिथूनच बदलत असेल तर दोन दिवस, बलून वगळून.