काकांची वायनरी आणि मुलीचे करिअर

प्रश्न : माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर आहे. दिंडोरीतील माझ्या दिरांच्या वायनरीत तिने वाइनमेकर व्हावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तिचा विषय या कामाला अगदी जवळचा आहे, कारण द्राक्षरसातील साखरेचे अल्कोहोल यीस्ट हा सूक्ष्मजीवच करतो आणि ते आंबवणे नेमके सांभाळणे हेच वाइनमेकरचे मुख्य काम असते. पांढऱ्या वाइनचा रस साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात सावकाश आंबवतात, तर लाल वाइन सालींसह, अधिक उष्णतेत आंबते आणि वर तरंगणाऱ्या साली दिवसातून अनेकदा खाली दाबाव्या लागतात. नाशिक भागात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. त्या दिवसांत ठाण्यातील लग्नसमारंभांना तिची उपस्थिती गृहीत धरू नका. तिने एक संपूर्ण हंगाम आधी दुसऱ्या वायनरीत काढावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण घरच्या कारखान्यात पुतणीची चूक काका पोटात घालतात आणि शिकणे तिथेच थांबते. परतल्यावर वेतन आणि टाकीतील वाइनविषयीचा अंतिम निर्णय कोणाचा, हे दिरांशी बोलून लेखी ठरवून घ्यावे.