खमंग शंका : अमिश पद्धतीचे कांद्याचे फ्रिटर

प्रश्न : ताई, ऑफिसच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) ओहायोहून आलेल्या एका सहकारी बाईंनी अमिश, म्हणजे जुन्या वळणाने साधं राहणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या, पद्धतीचे कांद्याचे फ्रिटर आणले होते. कडा कुरकुरीत, आत मऊ, चवीला किंचित गोडसर. मी कृती मागून घेतली : पाऊण कप मैदा, १ टेबलस्पून कॉर्नमील (मक्याचं रवाळ पीठ), १ टेबलस्पून साखर, २ टीस्पून बेकिंग पावडर, १ टीस्पून मीठ, पाऊण कप दूध आणि अडीच कप चिरलेला कांदा. घरी केले तर कढईतून काढताना झकास दिसतात, पण ताटात येईपर्यंत लिबलिबीत होतात आणि आतलं पीठ दाताला चिकटतं. काय चुकत असेल? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : कृतीत काही वावगं नाही. तुमच्या पत्रात ‘कढई’ हा शब्द आहे ना, गोम तिथेच आहे. तुमचा हात भजी सोडायला सरावलेला आहे आणि या पदार्थात भजीच्या बहुतेक सवयी आडव्या येतात.

भजीला आपण कांद्याला मीठ चोळून ठेवतो, सुटलेल्या पाण्यातच पीठ कालवतो. इथे नेमकं उलटं करायचं. पातळपणा दुधाने येतो, त्यामुळे कांद्याने पाणी सोडलेलं आपल्याला परवडत नाही. कांद्यात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असतं आणि मीठ लागताक्षणी ते बाहेर यायला लागतं. म्हणून मीठ कोरड्या पिठात घाला, दूध घालून पीठ कालवा, तेल तापलं की मगच कांदा मिसळा आणि लगेच तळायला घ्या. कांदा घातल्यावर फोन घेऊ नका. दुसरा घाणा होईपर्यंत पीठ थोडं सैल होतंच, त्यासाठी चमचाभर मैदा बाजूला काढून ठेवा.

कांदा उभा चिरू नका. पाव इंचाचे चौकोनी तुकडे करा. उभे काप पिठाबाहेर येऊन करपतात आणि किसलेल्या कांद्याचं तर पाणीच होतं. साधा पिवळा कांदा घ्या. व्हिडालियासारखे गोड कांदे रसाळ असतात आणि साखर तर कृतीत आहेच.

दूध पाऊण कप लिहिलंय, पण आधी अर्धा कपच घाला. मग चमच्याने वाढवत जा. पीठ चमच्यावरून धार लागून पडता कामा नये, जडसर गोळा घसरावा. दूध फ्रिजमधलं गार हवं. गार दुधात मैद्याला चिवटपणा कमी येतो आणि बेकिंग पावडरचा जोर भांड्यातच संपून जात नाही. फेटायचं तर मुळीच नाही. दहाबारा वेळा चमचा फिरवून थांबा, गुठळ्या राहिल्या तर राहू देत.

आता तळणं. हे फ्रिटर पसरट तव्यात करायचे, म्हणजे बिडाच्या स्किलेटमध्ये, जेमतेम अर्धा इंच तेलात. चमच्याने पीठ सोडायचं, खालची बाजू सोनेरी झाली की उलटायचं आणि उलटताना उलथन्याने हलकेच दाबायचं. सगळा कुरकुरीतपणा या दाबण्यात आहे. चपटा झाला की आतली वाफ लवकर निघते आणि मधलं पीठही शिजतं. खोल तेलातला गोल गोळा बाहेरून लाल होतो नि आत कच्चा राहतो. साखर आणि दूध दोन्ही रंग फार लवकर आणतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. तेल ३५० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसच्या, आसपास ठेवा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तो लगेच वर येऊन बुडबुडला पाहिजे, पण पाहता पाहता तपकिरी होता कामा नये. एका वेळी चार-पाचच सोडा, गर्दी केली की तेल गार पडतं.

आणि कृपा करून पेपर टॉवेलवर एकावर एक रचू नका! खालचे वाफेने घामेजतात. तारेच्या जाळीवर सुटे ठेवा, पाहुणे यायचे असतील तर जाळीसकट २०० फॅरनहाइटच्या अव्हनमध्ये.

प्रश्न : कॉर्नमीलऐवजी कॉर्नस्टार्च (आपल्याकडचं कॉर्नफ्लोअर) चालेल का? आणि मैद्याऐवजी बेसन?

उत्तर : कॉर्नमील रवाळ असतं, त्याने कडेला बारीक दाणेदार कुरकुर येते. ती स्टार्चने येत नाही. पण कॉर्नमील घालून शिवाय मैद्यातला एक चमचा कमी करून तिथे स्टार्च घातला तर कवच जास्त ठिसूळ होतं, ते मला आवडतं. बेसन घाला, छान लागेल, फक्त मग त्याला भजी म्हणा. हिरवी मिरची, ओवा, हळद या वाटेला जायचा मोहही आवरा. फार तर मिरपूड. या पदार्थाचा मजा त्याच्या सौम्य, दुधाळ चवीत आहे.

प्रश्न : अमिश लोक तर वीज वापरत नाहीत. मग हे तळतात कशावर? आणि हा पदार्थ खरंच त्यांचा आहे का?

उत्तर : त्यांचे नियम प्रत्येक गावची चर्चमंडळी आपापले ठरवते, म्हणून सरसकट विधान करू नये. जुन्या वळणाच्या बहुतेक घरांत सार्वजनिक तारेवरची वीज घेत नाहीत, पण प्रोपेन गॅसच्या शेगड्या पुष्कळ ठिकाणी असतात. अधिक कर्मठ गटांत लाकडाच्या चुली आहेत. हा पंथ १६९३मध्ये याकोब आमान यांच्या अनुयायांनी वेगळी वाट धरली तेव्हा स्वित्झर्लंड आणि आल्सास भागात आकाराला आला. अठराव्या शतकात ही माणसं पेन्सिल्वेनियात येऊ लागली. आज लँकेस्टर काउंटी आणि ओहायोतली होम्स काउंटी ही त्यांची मोठी ठाणी आहेत.

फ्रिटर मात्र एकट्या अमिशांचे नाहीत, पीठ आणि भाजी कालवून तळणं अमेरिकेत सगळीकडे चालतं. शेतकऱ्याच्या घरात हाताशी असलेलं दूध, मैदा, मका आणि कांदा एवढ्यावर भागवणारी ही कृती त्या स्वयंपाकाला शोभते, इतकंच म्हणेन. ‘अमिश’ हे नाव चिकटवलं की माल जास्त खपतो, हेही दुकानदारांना पक्कं माहीत आहे.

प्रश्न : एअर फ्रायरमध्ये होतील का? उरलेल्यांचं काय करायचं?

उत्तर : कच्चे नाही. ओलं पीठ जाळीतून खाली गळतं आणि उरतं ते कांद्याचं कोरडं बिस्किट. उरलेले फ्रिटर गरम करायला मात्र एअर फ्रायर उत्तम, ३७५ फॅरनहाइटला चार-पाच मिनिटं, एकच थर. मायक्रोवेव्हला हात लावू नका. पीठ कालवून उद्यासाठी ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा. कोरडं मिश्रण डब्यात आणि चिरलेला कांदा फ्रिजमध्ये, असं वेगवेगळं आदल्या दिवशी तयार ठेवता येतं.