पेडल पायाचं, मग पेडियाट्रिशियन मुलांचा कसा?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी अकरावीत, नीटची तयारी करते. क्लासमध्ये ग्रीक-लॅटिन धातूंची, म्हणजे शब्दांच्या मुळांची, यादी पाठ करायला दिली आहे. त्यात 'पेड म्हणजे पाय' असं आहे, मग पेडियाट्रिशियन लहान मुलांचा डॉक्टर कसा? आणि अशा याद्या पाठ कराव्यात का?

ताई, मुलीची शंका अगदी रास्त आहे. हे दोन वेगळे 'पेड' आहेत. पेडल, पेडेस्ट्रियन यांतला पेड लॅटिन, अर्थ पाय. पेडियाट्रिशियनमधला ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'पी'नंतर 'एई' लिहितात, त्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. अमेरिकन स्पेलिंगमध्ये तो 'ए' गळाला आणि दोन्ही सारखे दिसू लागले.

नुसती यादी पाठ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी मुलांजवळ संस्कृत शब्दांचं भांडवल आधीच असतं, तिथून सुरुवात करावी. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या. म्हणून पेड आणि पाद, डेंटल आणि दंत, पेंटागॉनमधला पेंटा आणि आपल्या पंचवटीतला पंच हे सख्खे नातलग आहेत. सप्टेंबरमध्ये सप्त आहे, कारण जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. शूर्पणखेच्या ज्या नासिकेवरून नाशिक हे नाव पडल्याचं आपण सांगतो, तिचं लॅटिन भावंड 'नासुस', त्यावरून नेझल. ग्रीकांचा नाकाचा शब्द मात्र वेगळा, 'राइनो'. राइनायटिस म्हणजे नाकाच्या आतल्या अस्तराचा दाह आणि राइनोसेरॉस म्हणजे नाकावर शिंग असलेला.

पण नुसत्या आवाजावरून नातं जोडू नये. ग्रीक 'थिऑस' म्हणजे देव, तरी आपल्या देव शब्दाशी त्याचा संबंध नाही. तो संबंध लॅटिन 'डेउस'चा आहे. शिवाय धातूवरून आजचा अर्थ मिळेलच असंही नाही. मॅन्युफॅक्चर म्हणजे मुळात हातानं बनवणं, आणि आज अंबड-सातपूरला यंत्रांतून निघणाऱ्या मालालाही आपण तेच म्हणतो. त्यामुळे प्रत्येक शब्द निदान एका वाक्यात वाचलेला हवा, आणि शंका आली की व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडावा.

नीटसाठी मात्र धातूंचा उपयोग फार मोठा आहे. वैद्यकात अवयवाचं विशेषण बहुधा लॅटिन आणि आजाराचं नाव बहुधा ग्रीक असतं. मूत्रपिंडासाठी लॅटिन 'रेन', ग्रीक 'नेफ्रॉस'. म्हणून रक्तवाहिनी ती रीनल आर्टरी आणि दाह तो नेफ्रायटिस. अकरावीच्या जीवशास्त्रात उत्सर्जनाच्या धड्यात रीनल आणि नेफ्रॉन दोन्ही शब्द येतात. तिला यादी बाजूला ठेवून त्या धड्यापासून सुरुवात करू द्या.