जुन्या पल्सरचं ब्रेक ऑइल बदलून ब्लीड केलं (लाइनमधली हवा काढली), तरी पुढच्या डिस्कचा लिव्हर मऊ का लागतो?

लाइनमध्ये हवा राहिली आहे, आणि बहुधा ती खाली कॅलिपरमध्ये (डिस्क आवळणारा चाकाजवळचा भाग) नसून वर हँडलवरच्या मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा भाग) बँजो बोल्टपाशी, म्हणजे ब्रेकचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी, अडकली आहे. हवा वर चढते, आपण मात्र ती कॅलिपरवरच्या निपलमधून (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) काढू पाहतो. गाडी साइड स्टँडवर लावून हँडल पूर्ण डावीकडे वळवा, म्हणजे मास्टर सिलिंडर उंचावर येईल. आता लिव्हर अगदी थोडा-थोडा, हळू दाबत राहा. मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीच्या तळाच्या बारीक छिद्रातून बुडबुडे येताना दिसतील. ते थांबले की खालचा निपल घ्या: लिव्हर दाबून धरा, रिंग पान्याने निपल पाव फेरा सैल करा, पुन्हा आवळा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की निपलमधून हवा परत आत जाते. टाकीतलं ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका आणि झाकणावर लिहिलेलंच वापरा, डॉट ३ किंवा डॉट ४. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. मात्र दाबून धरलेला लिव्हर कुठेही गळती नसताना हळूहळू हँडलकडे सरकत असेल, तर दोष हवेचा नाही. मास्टर सिलिंडरचे सील गेलेत, सीलचं किट बदलावं लागेल.