प्लास्टिकचे सॅडल काढून हाडाचे बसवल्यास गिटारचा आवाज सुधारतो का, आणि तारा कोणत्या घ्याव्यात?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या ॲकूस्टिक गिटारचा आवाज आता बसका वाटतो, कोणीतरी हाडाचे सॅडल (गिटारच्या पोटावरील लाकडी ब्रिजच्या खाचेत बसणारी, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सुचवले आहे आणि त्यासोबत तारांचाही नवा संच घेण्याचा आपला विचार आहे. माझा सल्ला असा की या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलू नयेत. आधी फक्त तारा बदला. बसक्या आवाजाचे कारण बहुधा तिथेच सापडते.

जाड चार तारांवरील वेढ्यांत घाम आणि मळ साचला की आवाजातील वरचे स्वरांश आधी मरतात, आणि मुंबईच्या दमट हवेत रोज वाजवताना माझा साधा संच दीड महिन्यातच मंदावतो. ‘८०/२० ब्रॉन्झ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तारांचे वेढे ८० टक्के तांबे व २० टक्के जस्त यांचे, म्हणजे खरे पाहता पितळेचेच असतात. त्यांचा आवाज सुरुवातीला लखलखीत असतो, पण तो तजेला लवकर ओसरतो. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांब्यासोबत कथील आणि किंचित फॉस्फरस असते, त्यामुळे आवाज थोडा उबदार येतो आणि अधिक काळ टिकतो. जाडी मात्र सध्या आहे तीच ठेवावी, कारण ०.०१२ इंचापासून सुरू होणाऱ्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोंच्या वर जातो आणि जाडी बदलली की मानेचा बाकही बदलतो. (गिटार नायलॉनच्या तारांची असेल, तर तिला पोलादी तारा कधीही लावू नका.)

नव्या तारांनीही समाधान झाले नाही, तरच सॅडलकडे वळावे. हाड प्लास्टिकपेक्षा कठीण असल्यामुळे तारेचे कंपन कमी शोषले जाऊन ब्रिजपर्यंत पोहोचते, हे खरे आहे. परंतु सॅडल कशाचे आहे यापेक्षा ते खाचेत कसे बसले आहे याला मी अधिक महत्त्व देतो. मी स्वतः घासून बसवलेल्या पहिल्या हाडाच्या सॅडलने आवाज आधीपेक्षा पातळ झाला होता. ते काढून काचेवर उभे केले आणि मागे टॉर्च धरला, तेव्हा तळाशी मधोमध केसाएवढी प्रकाशाची रेघ दिसली. मग तळावर पेन्सिलीने रेघा ओढून, काचेवर चिकटवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर ते सरळ उभे धरून घासले. टोकांच्या रेघा आधी पुसल्या गेल्या, मधल्या सर्वांत शेवटी. तेच हाड पुन्हा बसवल्यावर जाड तारांचा भरदारपणा परत आला. घासताना तोंडावर मास्क असू द्या, हाडाची धूळ फार बारीक असते.

उंची नेहमी तळाकडूनच कमी करावी आणि एक मिलिमीटर घासले की बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी) तार साधारण अर्धा मिलिमीटरच खाली येते, हे लक्षात ठेवावे. वरची कड मात्र नेमकी हवी. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा घासून जवारी (तारेचा गुंजत राहणारा झणकार) काढतात, कारण तिथे तार त्या माथ्याला हलके स्पर्श करत राहावी अशीच अपेक्षा असते. गिटारच्या सॅडलवर तसा सपाट माथा राहिला, तर तार सतारीसारखी झणझणते.

गिटारला सॅडलखाली पिकअप (कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग) असेल, तर हाडाऐवजी टस्कसारखे एकसंध कृत्रिम साहित्य निवडावे, कारण हाडाची घनता सर्वत्र सारखी नसते आणि ॲम्प्लिफायरमधून एखादी तार दबकी ऐकू येऊ शकते. प्रत्येक बदलापूर्वी व नंतर तोच तुकडा, फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून, रेकॉर्ड करावा. शिवाय हे सर्व पावसाळ्यात करणार असाल, तर ओलाव्याने वरची फळी फुगून तारा उंचावलेल्या असतात, म्हणून सॅडलची अखेरची उंची हवा कोरडी झाल्यावरच ठरवावी.